आप्पांचा श्वास

नर्सिंगच्या वर्गात फुप्फुसांचा पाठ सुरू झाला आणि टेबलावरच्या काचेत एक माणूस उजळला. आजारपणातलं आपलं शरीर संगणकात जसंच्या तसं उतरवून, ते शिकवण्यासाठी दान केलेल्यांपैकी तो एक होता. तो श्वास घ्यायचा, बोलायचाही.

शलाका बाकावरून उठून टेबलापाशी आली. ते तिचे आप्पा होते, दोन वर्षांपूर्वी वारलेले.

"फुप्फुसात पाणी साचलं की काय होतं, नीट बघा," देशमाने मॅडम म्हणाल्या. आप्पांच्या बरगड्या ओढल्या जाऊ लागल्या, ओठ निळे पडले.

"शलू, दम लागतोय गं," आप्पा म्हणाले.

"मॅडम, हे माझे वडील आहेत! ऑक्सिजन द्या ना त्यांना!"

मॅडम हादरल्या. "अगं, या पाठात उपचार नाहीत. थांब, बंद करते."

"बंद केल्यावर त्यांना बरं वाटेल?"

"नाही गं. पुढच्या तासाला पुन्हा इथूनच सुरू होईल. सगळ्या कॉलेजांत हाच पाठ आहे."

"मग चालू राहू द्या."

शलाका काचेवर हात ठेवून बसली. श्वास थांबेपर्यंत ती त्यांच्याशी बोलत राहिली. मग काच विझली. दाराबाहेर पुढची बॅच येऊन उभी होती.