अकरा मतं

ल्युसेतनं दार उघडतानाच सांगितलं, आत यायचं तर ये, पण पिशवीतलं ते प्रचाराचं पत्रक बाहेर काढू नकोस. सोलांजबाई हसल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. पत्रक त्यांनी आजवर कुठल्याच घरी काढलं नव्हतं.

गाव फ्रान्सच्या पूर्व टोकाला, डोंगरातलं. मागच्या निवडणुकीत त्रेसष्ट मतं पडली आणि त्यातली अकरा त्या पक्षाला गेली. युरोपातून बाहेर पडा, सीमा बंद करा, ब्रसेल्सच्या साहेबांना घरी बसवा, असं म्हणणाऱ्या पक्षाला. सरपंच रेमीचा चेहरा तेव्हा उतरला होता. सोलांजबाईंचे यजमान एत्येन यांनी हयातीत सीमेपलीकडच्या एका जर्मन गावाशी नातं जोडलं होतं. दर वसंतात तिकडची गाणारी मंडळी येत आणि इथल्या घराघरांतून राहत. अकराची तीस झाली, तर पुढच्या साली पंचायत त्या पक्षाकडे जाईल आणि हे नातं तुटेल, अशी रेमीला धास्ती होती. घरोघरी जाऊन लोकांचं मन वळवा, अशी त्यानं सोलांजबाईंना गळ घातली. चर्चची घंटा त्याच वाजवायच्या. त्यांना कुणी दारातून परत पाठवणार नव्हतं.

सोलांजबाईंनी नेम केला. रोज सकाळी मरियामातेपुढे मेणबत्ती लावायची आणि मग एका घरी जायचं. ती अकरा माणसं कोण, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून सगळीच घरं.

ल्युसेतनं आलुबुखाराची पोळी कापली आणि तिचं गाऱ्हाणं सुरू झालं. पोस्ट बंद झालं, पेन्शनसाठी भाच्याच्या विनवण्या कराव्या लागतात. पाववाला गेला, आता चौकातल्या यंत्रातून पाव घ्यायचा.

"यंत्र विचारतं का गं, गुडघा कसा आहे म्हणून?" ती म्हणाली. "त्या पक्षाचा माणूस आला होता. तासभर बसला. दोन तुकडे खाल्ले. माझ्या नवऱ्याचं नाव विचारलं. रेमीला ठाऊक आहे का, माझ्या नवऱ्याचं नाव?"

सोलांजबाईंनी पोळीचा एक तुकडा उचलला.

"तुझ्याकडे नाही आला?"

"आला होता."

"हाकललंस ना?"

"हे आलुबुखार बाटलीतले ना?" सोलांजबाईंनी विचारलं. "छान मुरलेत."

ओबँकडे त्या गोठ्यात उभ्या राहिल्या. तो दूध काढता काढता बोलत होता. बांधावरची झुडपं कधी छाटायची हे ब्रसेल्समध्ये ठरतं, शेत किती हे वरून फोटो काढून मोजतात, आणि दुधाचा भाव कोण ठरवतं ते देवालाच माहीत. निदान गाईला विचारून कायदे केले असते तरी बरे झाले असते, असं त्याचं म्हणणं पडलं.

"तुमचं बरं आहे बाई," तो म्हणाला. "तुम्हाला कसली तक्रार नाही."

सोलांजबाईंनी काही सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात गाईनं लाथ झाडली आणि ओबँ तिच्यावर खेकसला. ते राहूनच गेलं.

मात्र संध्याकाळी त्या रेमीला हाताला धरून त्याच गोठ्यात घेऊन आल्या. मग ल्युसेतकडे नेलं. मग इतरांकडे. भाषण करायचं नाही, नुसतं बसायचं आणि ऐकायचं, अशी अट होती. रेमी कुरकुरला, पण बसला. हळूहळू म्हाताऱ्यांना पोस्टात नेण्यासाठी दर गुरुवारी पंचायतीची गाडी निघू लागली. ओबँच्या झुडपांसाठी रेमी स्वतः जिल्ह्याच्या कचेरीत जाऊन भांडून आला.

एकदा वाटेत सोलांजबाईंनी त्याला आठवण करून दिली, की आपल्या दारासमोरचा रस्त्यावरचा दिवा हिवाळ्यापासून बंद आहे.

"होईल हो," रेमी म्हणाला. "आधी त्या रागावलेल्यांचं बघू. तुम्ही काय, आपल्याच."

युरोपच्या संसदेसाठी मतदान रविवारी होतं. प्रार्थनेची घंटा वाजवून सोलांजबाई पंचायतीत आल्या. रिवाजाप्रमाणे टेबलावरून प्रत्येक पक्षाची एकेक चिठ्ठी उचलली, पडद्याआड जाऊन एक पाकिटात घातली, उरलेल्या टोपलीत टाकल्या. पाकीट पेटीत पडलं तसा रेमी मोठ्यानं म्हणाला, "मत दिलं!" आणि बाईंकडे बघून त्यानं डोळे मिचकावले.

संध्याकाळी मोजणी गावकऱ्यांनीच केली. ओबँ पाकिटं उघडत होता, सोलांजबाई चिठ्ठ्या वाचत होत्या. चर्चमध्ये वाचतात तशा, सावकाश, एका सुरात. त्या पक्षाचं नाव मध्येच कुठेतरी आलं. तेही त्यांनी त्याच सुरात वाचलं.

ते एकदाच आलं.

रेमी मटकन खुर्चीत बसला. ल्युसेतनं टाळ्या वाजवल्या, कुणीतरी वाईनची बाटली उघडली. मग मंडळींना कंठ फुटला. मागच्या वेळी मीही त्यातलाच होतो, असं ओबँ मान खाली घालून म्हणाला. मग दुसरा म्हणाला, मग तिसरी. मतं अकराच होती, पण कबुली तेरा जणांनी दिली, आणि त्यावरून हशा पिकला.

"आता एकच उरलं," रेमी पेला उंचावत म्हणाला. "कोण बुवा हा हट्टी? सोलांजबाई, उद्या तेवढं एक घर करून टाका. तुम्ही जाऊन बसलात की भलेभले विरघळतात."

"उद्या कशाला? आत्ताच जाते."

"म्हणजे तुम्हाला माहीत आहे?"

"घर माहीत आहे," सोलांजबाई कोटाची बटणं लावत म्हणाल्या.

सगळे हसले. या जाऊन, असं म्हणून रेमी बाटलीकडे वळला. सोबत येऊ का, असं कुणी विचारलं नाही.

त्या ल्युसेतच्या घरावरून गेल्या, ओबँच्या गोठ्यावरून गेल्या. गल्लीच्या टोकाला शेवटच्या दारापाशी थांबल्या. दारावर एत्येनच्या नावाची पाटी होती. सोलांजबाईंनी किल्ली फिरवली आणि त्या आत गेल्या.