अच्युतरावांचा अडलेला उखाणा

"बरणीत मुरलं लिंबाचं लोणचं, नाव घेतो मी…" एवढं बोलून अच्युतराव पुन्हा थिजले.

पक्षाघातात मेंदूतला बोलण्याचा भाग गेल्यापासून त्यांची वाचा दूरच्या एका संगणकावरून, घरच्या इंटरनेटने यायची. आत सुनेने मालिका लावली की यांचं वाक्य अडकलंच! लग्नात लाजून टाळलेला उखाणा आज, लग्नाच्या वाढदिवशी, कुमुदिनीबाईंना ऐकायचाच होता.

त्यांनी पदर खोचला आणि लॅपटॉपवर फायरवॉल, म्हणजे घरच्या इंटरनेटची चौकी, उघडली. नियम टाकला: यांचं बोलणं सगळ्यांत आधी, मालिकेला उरलंसुरलं.

"आई, माझा हिरो गोठला हो!" सून रेवती आतून ओरडली.

"माझाही गोठलाय. आधी माझा!"

पडद्यावरची खोळंबलेल्या डेटाची रांग रिकामी झाली. "हं, म्हणा आता."

"बरणीत मुरलं लिंबाचं लोणचं, नाव घेतो मी…"

पुन्हा तिथेच! कुमुदिनीबाईंनी इंटरनेटच्या वापराचा आलेख तपासला. लाइन चक्क मोकळी होती. मग त्यांनी वळून नवऱ्याकडे पाहिलं, तर स्वारीच्या कानाच्या पाळ्या लालबुंद.

बाईंनी खुर्ची ओढली आणि त्यांच्यासमोर ठाण मांडलं.

"लाजा हवं तेवढं. लाइन रात्रभर तुमचीच आहे."