सालईगडाचा कोनाडा

प्रतीक्षाने ओढ्यातून आणलेला पांढरा दगड कोनाड्यात ठेवला. गणेशने त्याच्या शेजारी आपला काळा दगड ठेवला आणि भगवानरावांकडे न पाहताच तो पायऱ्यांकडे वळला.

सालईगडाच्या दरवाज्यातली ही पद्धत कधीपासूनची, कोणी सांगू शकत नाही. वर जाताना माणशी एक दगड ठेवायचा, उतरताना आपला आपण उचलायचा. दिवस मावळताना दगड उरला तर माणूस वर आहे, शोधायला जायचं. कोनाडा रिकामा असला की दरवाजा लावायचा. वैशाखातल्या जत्रेचा आता 'उन्हाळी महोत्सव' झाला होता. पायथ्याशी तंबू लागले होते आणि खामगाव-अकोल्याची मंडळी दोरीला लटकून दरी ओलांडायची, मनसोक्त किंचाळायची हौस भागवून घेत होती. कोनाडा मात्र तोच होता, आणि त्याच्यापाशी बसणारे भगवानरावही तेच.

"बाबा," प्रतीक्षा मागे थांबली. तिच्या हातात खण-नारळाची पिशवी होती. "पायलताईची ओटी भरून येतो. लग्न झालं तवापासून मनात होतं."

पायल ही भगवानरावांची एकुलती एक लेक, गणेशची पहिली बायको. प्रतीक्षा दुसरी. दुसरेपणाच्या बायकोने पहिलीच्या नावाचा टाक गळ्यात घालायचा असतो, तो चांदीचा टाक तिने घातला होता. या पोरीचा भगवानरावांना राग यायला हवा होता, पण येत नव्हता.

"कुठं भरतं ओटी?"

"दक्षिण बुरजावर. ताई जिथून…"

"तिथला कठडा कच्चा हाय. अन् एक ध्यानात ठेव, गणेशच्या पुढं उभी राहू नको. तो तुह्या पाठीमागं नाई पायजे."

"काऊन, बाबा?"

"सांगून राह्यलो ना."

तिने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं, मान हलवली आणि ती चढू लागली.

तीन वर्षांपूर्वी याच जत्रेत गणेश आणि पायल वर गेले होते. अंधारून येताना गडावरून आवाज आला. होमगार्ड गोपालने विचारलंही. भगवानरावांनी कोनाडा पाहिला, तो रिकामा होता. "मोर हाय," ते म्हणाले आणि त्यांनी दरवाजा लावला. चौथ्या दिवशी एका गुराख्याला बुरजाखाली पायल सापडली. डॉक्टर म्हणाले, पडल्यावर दोन दिवस तरी जीव असावा.

गणेशने सांगितलं ते असं. दोघं खाली आलो, दगड उचलले. मग भांडण झालं. मोबाईल गडावर राहिला म्हणून पायल रागारागात परत चढली, दुसऱ्यांदा दगड ठेवायचं राहिलं. ती आली नाही तेव्हा वाटलं, रुसून सोनाळ्याला मामाकडे गेली असेल. दगड उचलले गेले त्या वेळी भगवानराव नेमके चहाला गेले होते. पोलिसांना ते पटलं. भगवानरावांना पटलं नाही. एकट्याने खाली येऊन दोन्ही दगड गणेशनेच उचलले होते, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. उघड मात्र ते कधी बोलले नाहीत. पुरावा काय देणार?

दुपारभर माणसं उतरत होती, दगड उचलत होती. भगवानरावांनी भाकरी सोडलीच नाही. दुसऱ्याची का असेना, ती लेकच होती, आणि ती त्याच माणसाबरोबर त्याच बुरजावर गेली होती.

चारच्या सुमारास त्यांनी गोपालला बोलावलं. "दोरवाल्या पोराइले तयार ठेव. आज वरतून आवाज आला, तं मी मोर म्हणणार नाई."

"हाव, काका," गोपाल म्हणाला. त्यालाही ती संध्याकाळ आठवत होती.

ऊन उतरलं. कोनाड्यात दोनच दगड राहिले, एक पांढरा, एक काळा.

मग पायऱ्यांवर प्रतीक्षा दिसली. एकटीच. बांगड्या फुटलेल्या, उजवा हात लोंबकळत होता. भगवानराव धावत पुढे गेले. ती जिवंत आहे एवढ्यानेच त्यांचे डोळे भरून आले.

"बाबा, कठडा सुटला," ती धापा टाकत म्हणाली. "माणसं पाठवा. ते खाली झुडपात अडकले हायेत. जिते हायेत, आवाज देऊन राह्यले."

"त्यानं ढकललं तुले?"

"नाई हो. मीच पुढं गेली नारळ ठेवाले. त्याईनं मले मागं ओढलं अन् सोताच गेले. ओढताना माहा हात निखळला, पाहा."

भगवानरावांनी तो हात पाहिला. खांदा खाली आला होता, मनगटावर पाच बोटं उमटली होती.

"कोणाले सांगू नको," कोनाड्याकडे वळत ते म्हणाले. "जत्रा वर चढली तं आणखी माणसं पडतीन. तू दवाखान्यात जाय. इथलं मी पाहतो."

त्यांनी पांढरा दगड तिच्या डाव्या हातात दिला आणि तिला महोत्सवाच्या जीपमध्ये बसवलं.

"आणता ना त्याईले?"

"हाव, माय."

जीप वळणाआड जाईपर्यंत ते उभे होते. मग परत येऊन आपल्या जागेवर बसले. खाली मैदानात गाणी सुरू झाली.

गोपाल आला तेव्हा अंधारत होतं. त्याच्यामागे दोर घेतलेली तीन पोरं होती. त्याने कोनाड्यात बॅटरी मारली. कोनाडा रिकामा होता. भगवानरावांच्या सदऱ्याचा खिसा कशाच्या तरी वजनाने ओघळला होता, तिकडे त्याचं लक्ष गेलं नाही.

तेवढ्यात वरून आवाज आला. गाण्याच्या मधल्या फटीत तो स्वच्छ ऐकू आला.

"काका," गोपाल म्हणाला, "बुरजाकून आला."

भगवानरावांनी दरवाजा ओढला आणि अडसर घातला.

"मोर हाय," ते म्हणाले.