मंत्रालयाचं उत्तर

कोर्पोबाईंची मोन्रोव्हियातली संशोधन संस्था पूर्ण स्वतंत्र होती. फक्त तिचा परवाना दर जानेवारीत मंत्रालयातून यायचा. युद्धानंतर बंदुका खाली ठेवलेल्या पोरांना सरकारनं कबूल केलेलं काम मिळालंच नाही, असा अहवाल त्यांनी छापला आणि तिसऱ्या दिवशी मंत्र्यांचा सचिव फ्लोमो, त्यांचाच जुना विद्यार्थी, दारात आला. पाहुण्याबरोबर वाटून खायची कडू कोलाची बी बाईंनी रीतीप्रमाणे पुढे केली. त्यानं ती मोडून अर्धी त्यांच्यासमोर ठेवली. "साहेब भडकलेत, बाई. शुक्रवारपर्यंत अहवाल खोडून काढायचाय. नाहीतर परवाना विसरा." "मग काढा की खोडून. कुणी अडवलंय?" "लिहिणार कोण? मोन्रोव्हियातले लिहिणारे निम्मे लढाईत गेले, उरलेले अमेरिकेत. राहिलात तुम्ही." बाईंनी समोरची अर्धी बी तोंडात टाकली. शुक्रवारी मंत्रालयाचं उत्तर छापून आलं. ते अहवालापेक्षा दोन पानांनी मोठं होतं.