यंत्रातले तांडेल

"तांडेल गेले," डॉ. परचुरे चहाचा घोट घेत म्हणाले. "हजार वेळा गेले."

भिकाजी तांडेल बाहेर बाकावर बसले होते. गेले होते ते यंत्रातले तांडेल. यंत्र रुग्णाची हुबेहूब प्रतिकृती करायचं आणि तिच्यावर हजारदा ऑपरेशन करून बघायचं. प्रतिकृती जगली, तरच माणसाला टेबलावर घ्यायचं. चार वर्षांत टेबलावर एकही रुग्ण दगावला नव्हता, आणि या संशोधनासाठी परचुऱ्यांचा आज सत्कार होता. पाण्यात कधी उतरलाच नाही त्याला न बुडल्याबद्दल बक्षीस, असं त्यांच्या हाताखालच्या सर्जन डॉ. नलिनी करकंडे मनात म्हणाल्या.

"जठराचा कॅन्सर पार यकृताला चिकटलाय. नकार कळवा, बाई," म्हणत परचुरे शाल सावरत निघाले.

नलिनीबाईंनी अहवाल आज पहिल्या ओळीपासून वाचला. ऑपरेशन करणारा हात : डॉ. परचुरे. ऑपरेशन कुणीही करो, नाव विभागप्रमुखांचंच घालायचं, ही इथली रीत. यंत्राला बिचाऱ्याला ती खरी वाटली होती. प्रत्येक सर्जनचा हात त्याने चित्रफिती बघून घोटला होता, आणि चार वर्षं ते परचुऱ्यांच्याच हाताने कापत होतं.

त्यांनी ते नाव खोडून स्वतःचं घातलं आणि यंत्र पुन्हा चालवलं. हजारातले आठशे बारा तांडेल जगले.

"सिस्टर, तांडेलांना दाखल करा. आणि आजवर नकार दिलेल्या सगळ्यांच्या फायली काढा."

"त्यातलं आता कोण उरलंय, बाई?"

"म्हणूनच काढा. सरांच्या सत्काराला पाठवायच्यात."