सोडलेली जागा

लॉकडाऊनमुळे विकास बायको-लेकीसह पुण्याहून रिठदला वडिलांकडे, उकंडरावांकडे परतला. चैत्रात सगळ्यांनी अंगणात आळी खणली, पण बियाण्याची दुकानं बंद. "आबा, भिंतीवरच्या शेणात बिया आहेत ना?" छोट्या वैभवीनं विचारलं. उकंडरावांच्या बायकोनं मरणाआधी दोडक्याच्या बिया शेणात कालवून भिंतीवर थापल्या होत्या. त्यावर तिची चार बोटं उमटली होती. म्हणूनच दिवाळीला त्यांनी भिंत पांढऱ्या मातीनं पोतारली, तेवढी जागा सोडून. "आजीची आठवण हाये ते, हात नोको लावू!" विकास लेकीवर खेकसला. उकंडरावांनी ठशांवरून हात फिरवला, वाळलेली गोवरी अलगद उपटून नातीच्या ओंजळीत ठेवली. "बुढी पेरालेच ठेवून गेली. फोड, पोरी. एक दाणा राखजो." आळ्यांत बिया पडल्या. मग उकंडरावांनी ताज्या शेणात राखलेला दाणा दाबला. "आता तू थाप." सोडलेल्या जागी चार इवली बोटं उमटली.