उष्ट्याची बादली

बादली आजही रिकामी होती. काकूंनी ती तिरकी करून पाहिली, आत हात घालून पाहिला. तळाला गाजराचा एक तुकडा चिकटलेला, तोही नखाएवढा.

"वजन करू तरी कशाचं?" काटा हातात घेऊन शिपाईमामा हसले. "लिहून टाकतो शून्य. सलग नववा दिवस."

"मामा, खरं सांगा. माझी पाठ फिरली की तुम्ही ओतून तर येत नाही ना?"

"अहो, सुट्टीभर पोरांचा गराडा, आणि घंटा होताच तुम्ही बादलीपाशी हजर. ओतू कधी?"

तेही खरंच होतं. काकूंच्या डोक्याचा पार भुगा झाला होता.

सतरा वर्षं शाळेचं कँटीन काकूंकडे होतं. तळलेले बटाटे, लोणी थापलेला गोड पाव. पोरं खिडकीवर नुसती तुटून पडायची. मग तपासणीला डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी पोरांची वजनं घेतली, दात पाहिले, काकूंच्या कढईतलं काळं तेल पाहिलं आणि कपाळाला हात लावला. शेवटी ठरलं ते असं: पंधरा दिवस जेवण बाहेरून येणार, उकडलेलं, बिनतेलाचं, बिनसाखरेचं. उष्टं रोज मोजायचं. पोरांनी टाकलं तर कँटीन काकूंचंच. संपवलं तर जेवण आणणाऱ्या नव्या लोकांचं. तोवर काकूंनी ताटं घासायची आणि पोरांशी चकार शब्द बोलायचा नाही.

"फितवाफितवी नको," असं मोठ्या बाईंनी बजावलं होतं.

काकू मनातल्या मनात हसल्या होत्या. फितवायला कशाला हवं? भाजी दिसली की धूम ठोकणारी कार्टी ही! बादली पहिल्याच दिवशी भरून वाहणार.

आणि झालं भलतंच. काकूंनी ते जेवण स्वतः चाखून पाहिलं. कोबी म्हणजे निव्वळ ओला कागद. मग यात पोरांना गोड लागतंय तरी काय?

दहाव्या दिवशी त्या खिडकीआडून टक लावून बघत राहिल्या. चौथीतला ढब्ब्या, ज्याची आई "हा हिरवं काही तोंडात घेत नाही हो" म्हणून रडायची, तो डोळे मिटून पालेभाजी गिळत होता. गिळली, पाणी प्यायला, पुन्हा गिळली. काकूंकडे त्याचं लक्ष गेलं आणि त्याने झटकन मान खाली घातली.

सातवीतली दोन वेण्यांची मुलगी तर बादलीच्या तोंडाशीच पहाऱ्याला उभी. कुणी ताट घेऊन आलं की ती आत डोकावायची.

"हे काय? दोन घास राहिलेत. जा, संपवून ये."

"अगं, पण मला मळमळतंय."

"नाक दाब आणि खा!"

 रोज खिडकीशी येऊन "काकू, पावाला लोणी जरा जास्त लावा ना" म्हणून लाडीगोडी लावणारी ही पोरगी! डॉक्टरीणबाईंनी हिला फोडलेलं दिसतंय.

घरी नवरा म्हणाला, "अगं, पोरांच्या पोटात चांगलं जातंय. त्यात तुला रडायला काय झालं?"

"चांगलं जातंय, ते कळतं हो मला. पण सतरा वर्षं मी लाड म्हणून जे खाऊ घातलं, ते त्यांना आवडतच नव्हतं का? मला काही म्हणजे काही समजेनासं झालंय."

नवऱ्यालाही ते समजलं नाही. त्याने आपला चहा केला आणि काकूंपुढे ठेवला.

पंधराव्या दिवशी मोठ्या बाईंनी काकूंना खोलीत बोलावलं. शिपाईमामांची वही टेबलावर उघडी होती. पानभर शून्यं.

"काकू, मलासुद्धा वाईट वाटतंय," मोठ्या बाई म्हणाल्या. "पण निवड मुलांनीच केलीय. उद्यापासून ते लोक येतील."

काकूंनी मान डोलावली. वाद घालण्यासारखं राहिलंच काय होतं? त्यांनी कँटीनमध्ये जाऊन कढई पुसली, झारा पिशवीत घातला, ॲप्रन घडी करून वर ठेवला. पोरांची तोंडंही न बघता मागच्या दाराने निघून जावं, असं त्यांना वाटलं.

तेवढ्यात शाळा सुटली आणि पोरांचा लोंढा ओरडत आत शिरला. ढब्ब्याने तर येऊन कंबरेलाच मिठी मारली. काकू भांबावून नुसत्या बघत राहिल्या. सगळ्यांच्या पुढे दोन वेण्यांची मुलगी होती, धापा टाकत, आनंदाने नुसती फुललेली.

"काकू, जिंकलो आपण! तुमचं काम राहायचं की जायचं ते या बादलीवर ठरणार, असं मोठ्या बाईंनी प्रार्थनेला सांगितलं, त्या दिवसापासून आम्ही कुणाला एक घाससुद्धा टाकू दिला नाही!"